कॅरॅव्हॅनचे नोजवेट आणि ओढणाऱ्या गाडीचे सस्पेन्शन : मोजणी कोणत्या क्रमाने करावी

कॅरॅव्हॅनचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचे, नोजवेट मोजणारे बहुतेक जण आकडा नीट वाचतात, पण चुकीच्या वेळी वाचतात. कॅरॅव्हॅन अर्धीच भरलेली, गाडी रिकामी, कपलिंग (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाची जोडवाटी) जॉकी व्हीलवर, म्हणजे पुढच्या छोट्या आधारचाकावर, मनाला येईल तितके वर उचललेले, आणि अशा अवस्थेत काट्यावर दिसलेले ७५ किलो वहीत टिपून निश्चिंत व्हायचे, असा प्रकार सर्रास चालतो. प्रवासाच्या दिवशी मात्र कपलिंग वेगळ्याच उंचीवर असते, गॅसची टाकी भरलेली असते, गाडीत चार माणसे बसलेली असतात, आणि टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कपलिंग बसते त्यावर, प्रत्यक्षात किती भार पडतो आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

नोजवेट म्हणजे उभ्या कॅरॅव्हॅनचे कपलिंग टो-बॉलवर सरळ खाली टाकत असलेला भार. तो टो-बॉलच्या उंचीनुसार बदलतो. टो-बॉलची उंची गाडीच्या मागच्या स्प्रिंगा किती दबल्या यावर ठरते, आणि त्या किती दबतात हे पुन्हा नोजवेटवर अवलंबून असते. त्यामुळे नोजवेट आणि सस्पेन्शन या दोन वेगळ्या तपासण्या समजून एक आज आणि दुसरी पुढच्या आठवड्यात केली, तर दोन्ही वाया जातात. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिल्या खेपेला अर्धा दिवस मोडतो, नंतर तासाभरात काम होते.

## टप्पा १ : मर्यादा शोधा आणि सर्वांत लहान आकडा आपला माना

नोजवेटला एक नव्हे, तीन कमाल मर्यादा असतात. पहिली गाडीच्या उत्पादकाने ठरवलेली असते व ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत सापडते. दुसरी टो-बारच्या, म्हणजे टो-बॉल धरणाऱ्या गाडीमागच्या दांड्याच्या, माहितीपट्टीवर ‘एस’ या अक्षरापुढे किलोमध्ये कोरलेली असते. तिसरी कॅरॅव्हॅनच्या चासीची आणि कपलिंगची असून ती कपलिंगवर किंवा चासीच्या पट्टीवर दिलेली असते. तिन्हींपैकी जी सर्वांत लहान, तीच तुमची मर्यादा. टो-बार १०० किलो पेलतो म्हणून ८० किलोची मर्यादा असलेल्या गाडीवर ९५ किलो ठेवता येत नाहीत. टो-बारच्या पट्टीवरचे ‘डी’ मूल्य ओढण्याच्या आडव्या बलाचे असते आणि ते किलोन्यूटनमध्ये दिलेले असते. ते नोजवेट समजून वाचण्याची चूक मी एकाहून अधिक जणांकडून होताना पाहिली आहे.

कमाल मर्यादा कळली की लक्ष्य ठरवावे. युरोपीय धाटणीच्या कॅरॅव्हॅनसाठी सर्वसाधारण शिफारस भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के अशी आहे. अमेरिकी पद्धतीच्या जड ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के सांगितले जातात, पण त्यांची बांधणी आणि त्यांना जोडणाऱ्या गाड्यांची तरतूद निराळी असते, म्हणून एका पद्धतीची टक्केवारी दुसरीला लावू नये.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. एका एक्सेलच्या कॅरॅव्हॅनचे भरलेले वजन १,४०० किलो, म्हणजे ५ ते ७ टक्क्यांचा पट्टा ७० ते ९८ किलोंचा. गाडीची मर्यादा ८० किलो, टो-बारची ८५, कपलिंगची १००. म्हणून वापरता येण्याजोगा पट्टा ७० ते ८० किलो उरतो, आणि लक्ष्य ७५ किलोंचे.

तपासा : टक्केवारी काढताना पट्टीवरचे कमाल वजन नव्हे, प्रत्यक्ष वजन घ्यावे. त्यासाठी प्रवासाला निघायच्या तयारीतली कॅरॅव्हॅन एकदा तरी वजनकाट्यावर न्यावी. गाडीच्या पट्टीवरची कमाल एकूण वजनाची आणि मागच्या एक्सेलची मर्यादाही याच वेळी वहीत लिहून घ्यावी. त्या दोन आकड्यांची गरज पुढे सातव्या टप्प्यात पडेल.

## टप्पा २ : भार घालण्यापूर्वी गाडीच्या सस्पेन्शनची प्रकृती पाहा

थकलेल्या सस्पेन्शनवर केलेली मोजणी काहीच सांगत नाही, म्हणून गाडी रिकामी असतानाच खाली वाकून पाहावे. शॉक अॅब्सॉर्बरच्या अंगावर तेलाचा पुसट ओलावा दिसणे आणि तेल ओघळून त्यावर धूळ चिकटलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी दिसली तर तो बदलण्याच्या लायकीचा झालेला असतो. कॉइल स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे बशीत जिथे टेकते, तिथे बॅटरीचा झोत टाकून नीट पाहावे, कारण तिथे पाणी आणि चिखल साचून स्प्रिंगचा शेवटचा तुकडा मोडतो आणि गाडी चालत राहिल्यामुळे तो महिनोन्महिने लक्षात येत नाही. रबरी बुशांना आरपार चिरा आहेत का आणि टायरच्या पृष्ठभागावर ठराविक अंतराने खोलगट झीज आहे का, हेही पाहावे.

गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी करायला हरकत नाही, परंतु तिच्यावर भिस्त ठेवू नये. सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहिली, तर शॉक अॅब्सॉर्बर नक्की गेला आहे. ती लगेच स्थिरावली म्हणजे तो उत्तम आहे, असे मात्र सिद्ध होत नाही.

मग चार चाकांच्या उंचीची पहिली नोंद करावी. मेजटेप चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर चाकाच्या कमानीच्या ओठापर्यंत धरावी. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवेचा फरक त्यात मिसळतो, मध्यबिंदूपासून मोजल्यास केवळ स्प्रिंगचे दबणे मोजले जाते. मोजण्याआधी गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलावी. जॅकवरून उतरवलेली किंवा वळवून उभी केलेली गाडी टायरच्या जमिनीवरील पकडीमुळे काही मिलिमीटर वर अडकून राहते, आणि हाच फरक नंतर गोंधळात टाकतो.

तपासा : एकाच एक्सेलच्या डाव्या-उजव्या बाजूंत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर पुढे जाण्याआधी जमीन सपाट आहे ना हे पाहावे. ती सपाट असेल तर स्प्रिंगकडे पुन्हा वळावे.

## टप्पा ३ : दोन्ही वाहने प्रवासाला निघाल्यासारखी भरा

या टप्प्यात आळस करून चालत नाही. भांडी, अंथरुणे, खुर्च्या, अवजारे, बाहेर लावायचा तंबू, गॅसच्या टाक्या, बॅटरी, सारे प्रवासात जिथे असणार तिथेच ठेवावे. पाण्याची टाकी रिकामी नेणार असाल तर रिकामी, भरून नेणार असाल तर भरलेली असावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे ४० लिटरच्या टाकीने एक्सेलपुढे किंवा मागे ४० किलो वाढतात. पुढच्या कप्प्यातील गॅसची टाकी भरलेली आहे की संपत आलेली, यानेही कपलिंगवरचा आकडा सहज ८-१० किलोंनी हलतो.

भरताना जड वस्तू खाली, जमिनीलगत आणि एक्सेलच्या शक्य तितक्या जवळ ठेवाव्यात, तर वरच्या कपाटांत केवळ कपडे आणि हलके सामान असावे. गाडीतही इंधन भरून, डिकीतले सामान ठेवून प्रत्यक्ष माणसे बसवावीत. माणसे उपलब्ध नसतील तर त्यांच्या वजनाच्या पाण्याच्या कॅनी किंवा वाळूच्या पिशव्या आसनांवर ठेवता येतात. डिकीत मात्र ठेवू नयेत, कारण आसनावरचे ७० किलो आणि डिकीतले ७० किलो मागच्या स्प्रिंगांवर सारखे पडत नाहीत.

## टप्पा ४ : टो-बॉलची उंची दोनदा मोजा

भरलेली गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून टो-बॉलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. युरोपीय नियमांप्रमाणे प्रवासी गाडी पूर्ण भरलेली असताना हे अंतर ३५० ते ४२० मिलिमीटर असावे लागते. ऑफ-रोड वर्गातील गाड्यांना यातून सूट आहे, आणि कॅरॅव्हॅनचे नाक आभाळाकडे गेलेले दिसते ते बहुधा अशाच उंच गाड्यांच्या मागे.

ही उंची कॅरॅव्हॅन जोडण्यापूर्वीची झाली. आपल्याला हवी आहे जोडल्यानंतरची, आणि जोडल्यावर टो-बॉल कपलिंगच्या आत दडतो. म्हणून जोडण्याआधीच टो-बारवरची एखादी ठळक जागा, उदाहरणार्थ बोल्टची खालची कड, निवडून तिथून टो-बॉलच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर मोजून ठेवावे. मग कॅरॅव्हॅन जोडावी, जॉकी व्हील पूर्ण वर घ्यावे, दोन्ही वाहने मिळून मीटरभर पुढे-मागे हलवावीत आणि त्या ठळक जागेची जमिनीपासूनची उंची मोजावी. दोन्हींची बेरीज-वजाबाकी केली की जोडलेल्या अवस्थेतील टो-बॉलची उंची मिळते. आपल्या उदाहरणात ती आधी ४०० होती, जोडल्यावर ३८० मिलिमीटर झाली असे धरू. नोजवेट मोजायचे ते ३८० वर.

उंचीने किती फरक पडतो? एका एक्सेलच्या कॅरॅव्हॅनचे नाक वर गेले की तिचा गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि नोजवेट घटते. आपल्या १,४०० किलोंच्या कॅरॅव्हॅनचा गुरुत्वमध्य एक्सेलच्या ०.६ मीटर वर आणि कपलिंग एक्सेलपासून ४ मीटरवर धरले, तर नाक १०० मिलिमीटर उचलल्याने साधारण ५ किलो कमी होतात. दोन एक्सेलच्या, रबर-टॉर्शन (स्प्रिंगऐवजी रबराच्या पिळावर चालणाऱ्या) सस्पेन्शनच्या कॅरॅव्हॅनमध्ये मात्र गणित उलटे आणि तीव्र असते. नाक वर गेले की मागच्या एक्सेलवर भार सरकतो, आधाराचा मध्य मागे जातो आणि नोजवेट वाढते, तेही थोड्याशा उंचीने पुष्कळ. दोन एक्सेलच्या कॅरॅव्हॅनचे नोजवेट अंदाजे उंचीवर मोजणे म्हणजे न मोजण्यासारखेच आहे.

## टप्पा ५ : नोजवेट मोजा

बाजारात मिळणारा नोजवेट गेज वापरायचा असेल तर त्याच्या उंचीची जुळवणी ३८० मिलिमीटरवर होते आहे ना, ते पाहावे. स्प्रिंगवर चालणारे स्वस्त गेज भार पडताच स्वतः आखडतात, तेव्हा वाचन घेताना कपलिंगची उंची पुन्हा मोजावी लागते. मला स्वतःला घरातला वजनकाटा आणि लाकडी दांडा ही जोडी अधिक भरवशाची वाटते. काट्यावर आपले वजन करून तो बरोबर आहे की नाही हे दोन मिनिटांत कळते, ही तिची मोठी सोय आहे.

दांड्याच्या लांबीत हमखास चूक होते. कपलिंगची वाटी टो-बॉलच्या माथ्यावर टेकते, मध्यावर नव्हे. टो-बॉलचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे माथा मध्याच्या २५ मिलिमीटर वर. म्हणून मध्याच्या उंचीत २५ मिळवावेत आणि त्यातून काट्याची व त्यावर ठेवलेल्या फळीची जाडी वजा करावी. ३८० अधिक २५ म्हणजे ४०५. काटा ४० मिलिमीटर आणि फळी २० मिलिमीटर जाड असेल, तर दांडा ३४५ मिलिमीटरचा कापावा. दांडा वाटीत सैलसर बसेल इतका, म्हणजे ४०-४५ मिलिमीटर व्यासाचा, कठीण लाकडाचा असावा आणि त्याची दोन्ही टोके काटकोनात कापलेली असावीत.

मोजणीचा क्रम असा ठेवावा.

१. कॅरॅव्हॅन सपाट, कठीण जमिनीवर असावी. हँडब्रेक ओढून चाकांच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे पाचरी लावाव्यात. अनेक कॅरॅव्हॅनचे ब्रेक मागे जाताना थोडे सुटून मग पकडतात, त्यामुळे केवळ हँडब्रेक पुरत नाही.

२. कोपऱ्यांचे चारही आधारपाय पूर्ण वर घ्यावेत. मागचा एक पाय जरी जमिनीला टेकलेला राहिला तरी वाचन खोटे येते.

३. काटा कपलिंगच्या बरोबर खाली ठेवावा. त्यावर भार पसरवणारी फळी आणि दांडा ठेवून त्यांचे वजन टिपावे. ते शेवटी वजा करायचे आहे.

४. कपलिंगची मूठ वर, उघड्या स्थितीत ठेवून वाटीत लाकडी दांडा बसवावा. स्थिरक प्रकारच्या (डोलणे रोखण्यासाठी टो-बॉलला घर्षणाने धरणाऱ्या) कपलिंगमध्ये आतील घर्षणपट्ट्यांवर दांडा घासू देऊ नये.

५. जॉकी व्हील हळूहळू फिरवून नाक खाली आणावे. चाक जमिनीपासून बोटभर सुटले की थांबावे, त्याहून वर नेऊ नये. दांडा निसटला तर नाक बोटभरच पडले पाहिजे.

६. दांडा ओळंब्यात आहे का ते पाहावे, नाक तळहाताने हलकेच हलवून सोडावे आणि वाचन घ्यावे. तीन वेळा मोजून मधला आकडा धरावा.

सावधान : या संपूर्ण काळात हात, पाय किंवा डोके कपलिंगखाली नेऊ नये. काट्यावरचा आकडा वाचता येत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा खाली सरकवावा. डिजिटल काटा पहिल्या भारालाच आकडा गोठवणारा असेल तर काटेवाला साधा काटा वापरावा.

गवतावर किंवा मऊ जमिनीवर काटा ठेवण्याचा मोह टाळावा. एकदा मी गवतावर मोजून ६८ किलो लिहून घेतले, आणि संशय आला म्हणून शेजारच्या काँक्रीटवर सरकवून पुन्हा मोजले तर ८३ निघाले. काट्याचे तळपाय मातीत रुतून त्याची पाठच जमिनीला टेकली होती आणि काही भार काट्याला न विचारता परस्पर मातीत जात होता.

काही जण मोठ्या वजनकाट्यावर सुट्या कॅरॅव्हॅनचे पूर्ण वजन घेतात, मग ती जोडून केवळ तिच्या चाकांचे वजन घेतात आणि दोन्हींची वजाबाकी करून नोजवेट काढतात. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण अशा अनेक काट्यांची एक पायरी १० किंवा २० किलोंची असते, आणि आपण झगडतो आहोत ते १० किलोंच्या पट्ट्यासाठी. हा मार्ग एकूण वजनासाठी राखून ठेवावा.

## टप्पा ६ : आकडा लक्ष्यावर आणा, पण टोकांना हात न लावता

समजा वाचन ९६ किलो आले. २१ किलो कमी करायचे आहेत. कोणती वस्तू हलवल्याने किती फरक पडेल हे अंदाजाने ठरवू नये, गणित सोपे आहे : वस्तूचे वजन गुणिले ती जितकी हलवली ते अंतर, भागिले एक्सेलपासून कपलिंगपर्यंतचे अंतर. पुढच्या कप्प्यातील १२ किलोंची पेटी एक्सेलच्या ३ मीटर पुढे आहे. ती एक्सेलवर आणली तर १२ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ९ किलो कमी होतात. एक्सेलच्या २ मीटर पुढे ठेवलेला १६ किलोंचा तंबू एक्सेलवर आणला की ८ किलो जातात. त्याच जागेवरचे ८ किलोंचे सामान हलवले की आणखी ४. एकूण २१, आणि आकडा ७५ वर आला. दोन एक्सेलच्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन्ही एक्सेलांमधला मध्य धरावा आणि उत्तर ढोबळ समजावे.

हेच २१ किलो आणखी सोप्या रीतीने घटवता येतात, आणि तीच रीत धोक्याची आहे. पुढचे सामान तसेच ठेवायचे आणि मागच्या भिंतीलगत, एक्सेलपासून ३ मीटर मागे, २८ किलोंचे काहीतरी टाकायचे. काटा ७५ दाखवेल. पण आता वजन दोन्ही टोकांना वाटले गेले आहे. दोन्ही हातांत लांब दांड्याच्या टोकांना बादल्या धरून वळण्याचा प्रयत्न केला तर जे जाणवते, तेच या कॅरॅव्हॅनचे होते. वारा किंवा बाजूने जाणारा ट्रक तिला डोलवू लागला की ती लवकर थांबत नाही. नोजवेटचा आकडा उत्तम असूनही कॅरॅव्हॅन नागमोडी चालते, अशी तक्रार आली की मी प्रथम तिचा मागचा कप्पा उघडून पाहतो. मागे लावलेला सायकलींचा स्टँडही याच जातीचा. एक्सेलपासून ३ मीटर मागचे ३० किलो कपलिंगवरून २२.५ किलो उचलून घेतात, आणि ते भरून काढायला मालक पुढे आणखी वजन घालतो.

आकडा ७० च्या खाली गेला तरी तितकीच काळजी घ्यावी. कमी नोजवेटची कॅरॅव्हॅन ओढायला हलकी वाटते, वेग वाढताच मात्र ती अस्थिर होते.

तपासा : कॅरॅव्हॅनमधून काढलेली वस्तू गाडीच्या डिकीत टाकली असेल, तर टो-बॉलची उंची बदलली. चौथ्या टप्प्यातील मोजणी पुन्हा करावी.

## टप्पा ७ : जोडून गाडीचे सस्पेन्शन मोजा

आता कॅरॅव्हॅन जोडावी, माणसे गाडीत बसवावीत, गाडी पुढे-मागे हलवावी आणि चारही कमानींची उंची पुन्हा घ्यावी. वहीत तीन रकाने असावेत : रिकामी गाडी, भरलेली गाडी, जोडलेली गाडी. नमुन्यादाखल, मागची कमान ३८०, ३५२ आणि ३३४ मिलिमीटर, पुढची ३७२, ३६८ आणि ३७३. मागे १८ मिलिमीटर खाली आणि पुढे ५ मिलिमीटर वर, हे तिसऱ्या रकान्यातले खरे काम नोजवेटचे आहे.

पुढचा भाग का उचलला जातो? टो-बॉल मागच्या एक्सेलच्याही मागे असल्याने गाडी तराजूच्या दांडीसारखी वागते. दोन एक्सेलांमधले अंतर २.७ मीटर आणि मागच्या एक्सेलपासून टो-बॉल १.१ मीटर मागे असेल, तर ७५ किलोंचे नोजवेट मागच्या एक्सेलवर ७५ नव्हे, सुमारे १०६ किलो टाकते आणि पुढच्या एक्सेलवरून सुमारे ३१ किलो उचलते. हे १०६ किलो मागच्या एक्सेलच्या मर्यादेत बसतात का, ते पहिल्या टप्प्यात टिपलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. खात्रीसाठी जोडलेल्या अवस्थेत गाडीचा केवळ मागचा एक्सेल वजनकाट्यावर उभा करता येतो. नोजवेटचे ७५ किलो गाडीच्या भारवहन क्षमतेतूनच वजा होतात, म्हणजे चार माणसे आणि भरलेली डिकी असलेल्या गाडीला ते अनेकदा जड जातात.

त्यानंतर मागच्या सस्पेन्शनचा रबरी बंपस्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर दणका झेलणारा ठोकळा, पाहावा. त्याच्यावर ताजा चकाकता डाग किंवा घासल्याची खूण असेल, तर स्प्रिंग तळाला जाते आहे. यात एक मेख आहे. अनेक आधुनिक गाड्यांत लांब फोमचे बंपस्टॉप मुद्दाम लवकर टेकावेत असेच बनवलेले असतात आणि ते दुसऱ्या स्प्रिंगसारखे काम करतात. तेव्हा नुसते टेकणे हा दोष नव्हे. ते पूर्ण चेपून गेले असतील आणि खड्ड्यात दणका येत असेल, तर तो दोष.

कॅरॅव्हॅनच्या बाजूला दूर उभे राहून तिची चासी पाहावी. पुढच्या आणि मागच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजली की नजरेला फसायला वाव राहत नाही. ती समतल किंवा नाकाकडे किंचित कललेली असावी. नाक वर असलेली कॅरॅव्हॅन स्वीकारू नये.

टो-बॉलची उंचीही ठळक जागेवरून पुन्हा मोजावी. ती ३८० च्या आसपास, दहा-एक मिलिमीटरच्या आत असेल, तर नोजवेट योग्य उंचीवर मोजले गेले असे समजावे. नसेल तर नव्या उंचीला साजेसा दांडा कापून पाचवा टप्पा पुन्हा करावा. दुसऱ्या फेरीत बहुधा काम जमते.

## टप्पा ८ : मागचा भाग फार बसत असेल तर

येथे क्रम उलटा लावण्याची खोड फार आहे. गाडी मागून बसली की लोक थेट स्प्रिंगसाठी पूरक रबर किंवा हवेच्या पिशव्या विकत घेतात. आधी डिकीतले जड सामान कॅरॅव्हॅनच्या एक्सेलवर किंवा गाडीच्या पुढच्या आसनांमागे न्यावे, अर्थात कॅरॅव्हॅनची स्वतःची मर्यादा सांभाळून. मग स्प्रिंग थकल्या असतील तर मूळ मापाच्या नव्या बसवाव्यात. जुन्या गाडीत एवढ्यानेच बराच फरक पडतो. त्यानंतरही गरज उरली तरच कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या, वेटोळ्यांमधले ठोकळे किंवा अधिक ताठ स्प्रिंगा यांचा विचार करावा, आणि गाडीच्या उत्पादकाची त्याला हरकत नाही ना हे पाहावे.

सावधान : यांपैकी कोणत्याही साधनाने गाडीच्या पट्टीवरची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. गाडी उंच दिसू लागते, मागच्या एक्सेलवरचा भार तेवढाच राहतो.

आपोआप समतल होणाऱ्या सस्पेन्शनबद्दलही हाच गैरसमज आहे. ते गाडीची पाठ उचलते, पुढच्या चाकांवरून निघून गेलेले ३१ किलो परत आणत नाही. शिवाय मोजण्याची वेळ त्याच्या प्रकारावर ठरते. शॉक अॅब्सॉर्बरमध्येच पंप असलेला प्रकार गाडी चालताना होणाऱ्या हालचालींतून वर येतो, म्हणून तो काही किलोमीटर चालवल्यानंतरच मोजावा. हवेवरचे सस्पेन्शन असेल तर कॅरॅव्हॅन जोडताना आणि मोजताना कोणती अवस्था ठेवायची ते माहितीपुस्तिकेत पाहावे, नाहीतर इंजिन बंद असताना घेतलेली उंची आणि रस्त्यावरची उंची वेगळी निघते.

## टप्पा ९ : हवा, दिवे आणि पहिले वीस किलोमीटर

टायर थंड असताना गाडीत पूर्ण भाराची हवा भरावी. दाराच्या चौकटीवरील पट्टीत मागच्या टायरचा पूर्ण भाराचा आकडा बहुतेकदा वेगळा आणि जास्त असतो. कॅरॅव्हॅनच्या टायरचा आकडा तिच्या स्वतःच्या पट्टीवरून घ्यावा. हेडलाइटची उंची कमी करण्याची सोय असेल तर ती वापरावी, कारण गाडीचे ५ मिलिमीटर वर गेलेले नाक आणि १८ मिलिमीटर खाली बसलेली पाठ मिळून झोत समोरच्याच्या डोळ्यांत नेतात.

पहिले वीस किलोमीटर कमी रहदारीच्या रस्त्यावर जावे. स्टिअरिंग सैल वाटते का, खड्ड्यानंतर मागचा भाग दुसऱ्यांदा डोलतो का, मागून दणका येतो का, आणि वेग हळूहळू वाढवताना कॅरॅव्हॅन शेपूट हलवू लागते का, याकडे लक्ष द्यावे. डोलणे सुरू झालेच तर अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे. उलटे-सुलटे फिरवून ते थांबवायला जाऊ नये. मग थांबून कपलिंग पकडलेले आहे का ते पाहावे, मागच्या शॉक अॅब्सॉर्बरवर ताजे तेल आले आहे का ते पाहावे, आणि चार कमानींची उंची वहीतल्या तिसऱ्या रकान्याशी ताडावी.

परतीच्या प्रवासासाठी हा रकाना चालत नाही. गॅस संपत आलेला असतो, अन्नाचे डबे रिकामे झालेले असतात आणि ओला तंबू जाताना होता त्यापेक्षा जड असतो. दांडा आणि काटा म्हणून कॅरॅव्हॅनमध्येच ठेवावेत, तेही एक्सेलच्या वर.